वॉर्डातली पहिली नोकरी आणि विश्वासू असणं: नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतली पोरं-पोरी जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंग पास झाली की पुण्या-मुंबईच्या कुठल्यातरी हॉस्पिटलात लागतात आणि ड्युटीच्या आदल्या रात्री मला फोन येतो, ताई उद्या जॉइन होतेय, प्रार्थना करा. प्रार्थना करतेच. पण फोन ठेवायच्या आधी अर्धा तास जे सांगते ते दरवेळी तेच असतं, म्हणून यावेळी म्हटलं लिहूनच काढावं, म्हणजे ज्यांचा फोन येत नाही त्यांनाही मिळेल.

मी एकोणीस वर्षं वॉर्डात आहे. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती, तेच जे डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभं केलं. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिच्या हातात दिलेलं पेशंटचं मूल आणि तिला सांगितलेला निरोप दोन्ही जागच्या जागी पोचायचे, एवढं मी तिच्याबरोबर काम केलेल्या बायकांकडून ऐकलंय. मला हे काम करावंसं वाटलं ते त्यामुळेच.

एक शब्द आधी नीट बघा. आपण स्वतःला विश्वासणारे म्हणतो, मंडळीत सगळे म्हणतात, "आम्ही विश्वासणारी माणसं". त्याच शब्दातून विश्वासू निघतो. विश्वासणारा म्हणजे जो देवावर विसंबतो, आणि विश्वासू म्हणजे ज्याच्यावर दुसरा विसंबू शकतो. पहिलं तुम्ही स्वतः सांगू शकता, साक्ष देऊ शकता, पण दुसरं तुम्ही सांगून होत नाही, ते तुमच्याबरोबर नाईट केलेली सिस्टर सांगते, नाहीतर बेड नंबर १४ चे नातेवाईक सांगतात. या लेखात फक्त दुसऱ्याबद्दल आहे, आणि तेही अगदी पायरीपायरीनं, पहिल्या दिवसापासून.

वेळ

बहुतेक ठिकाणी सकाळची ड्युटी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. आठची ड्युटी म्हणजे आठला गेटवर पंच करणं नाही. पावणेआठला युनिफॉर्म घालून, केस बांधून वॉर्डात उभं असायचं. का, तर जी नाईट करून थकलेली सिस्टर आहे तिला ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची सगळी माहिती पुढच्या ड्युटीला सोपवायला, वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तिच्या घरी लेकराची शाळेची रिक्षा आठ पन्नासला येते. तुम्ही सव्वाआठला आलात तर तिची रिक्षा चुकते. तुमची पंधरा मिनिटं तिच्या खिशातून गेली. मी हे मुद्दाम असं सांगते कारण उशिराकडे आपण शिस्तीचा विषय म्हणून बघतो आणि मग शिस्त कडक नसली की सोडून देतो, पण शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा तर आपल्याला पाठ आहे ना, मग वॉर्डात तुमचा पहिला शेजारी कोण, तर जिला तुम्ही रिलीव्ह करणार आहात ती.

बस चुकते, पाऊस असतो, पुण्यात तर काहीही होतं. म्हणून पहिल्या आठवड्यात एक बस आधीची पकडा, ड्युटी नसताना एकदा जाऊन रस्ता बघून या, आणि तरी उशीर होणार असला तर जेव्हा कळेल तेव्हाच फोन करा, पोचल्यावर कारण सांगू नका. "मी वीस मिनिटं लेट आहे" हा सात पस्तीसला केलेला फोन समोरच्याला रिक्षावाल्याला निरोप द्यायची संधी देतो. आठ वीसला सांगितलेल्या कारणाचा कोणाला काही उपयोग नसतो.

ओव्हर घेणं आणि देणं

ओव्हर टेबलापाशी बसून घेऊ नका. बेडपाशी जा. प्रत्येक पेशंटच्या उशाशी उभं राहून ऐका आणि डोळ्यांनी बघा: सलाईन किती राहिलंय, कॅन्युलाची, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीची, जागा लाल आहे का, कॅथेटरची पिशवी कुठवर भरलीय, ड्रेन आहे का, ऑक्सिजन किती लिटरवर आहे. बेडवर माणूस आहे का हेसुद्धा बघा, मी एकदा असं ओव्हर घेतलंय जिथे पेशंट एक्सरेला गेलेला आणि तिघींपैकी कोणालाच माहीत नाही.

देताना चार-पाच गोष्टी ठरावीक क्रमानं सांगायची सवय लावा म्हणजे झोपेतही सुटणार नाहीत. पेशंट कोण, कशासाठी आलाय, माझ्या ड्युटीत काय झालं, आत्ता कसा आहे, आणि तुला काय करायचंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "क्रिएटिनिनचा, किडनीचा, रिपोर्ट यायचाय, अकराच्या आधी लॅबला फोन कर, सरांना सांगायचंय" असं. जे तुमच्याकडून राहिलं ते आधी सांगा. राहिलेलं लपवून ओव्हर गोड करायचा मोह नव्या पोरींना खूप होतो कारण पहिल्याच महिन्यात कोणाला आपण कच्चे आहोत असं दिसू द्यायचं नसतं. पण दहाचं ड्रेसिंग राहिलं असं तुम्ही सांगितलं तर दुसरी करून टाकते, नाही सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत कोणाचंच नसतं.

"हो सिस्टर, करते"

आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणायची सवय नाही. इन्चार्ज, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, म्हणाल्या, हे कर, आपण हो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, ते आण, हो. नातेवाईक म्हणाले, सिस्टर जरा बघता का, "आले आले, पाच मिनिटांत". सकाळच्या दोन तासांत असे तीसेक हो जमतात आणि त्यातले आठ-दहा हवेत जातात, वाईट हेतू कुणाचाच नसतो पण हवेत जातात. येशूनं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय की तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. मी लहानपणी समजायचे की हे शपथा घेण्याबद्दल आहे, आणि आहेच ते शपथांबद्दल, पण शपथ घ्यावी लागते कुणाला, ज्याच्या साध्या होयवर कोणी विसंबत नाही त्याला.

मग करायचं काय. खिशात छोटी डायरी आणि पेन. हो म्हटलं की लगेच लिहायचं, बेड नंबर, काम, वेळ. झालं की काट मारायची. पाच मिनिटं म्हणू नका, घड्याळ बघून "पावणेदहाला येते" म्हणा, आणि पावणेदहाला नाही जमलं तर पावणेदहाला जाऊन सांगा की सव्वादहा होतील. पेशंटला उशीर सोसतो, वाट बघत पडून राहणं सोसत नाही, त्याच्याकडे दुसरं काही करायलाच नसतं. आणि जे जमणार नाही त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा, नीट शब्दांत: "सिस्टर, माझ्याकडे आत्ता दोघांना रक्त चढवणं चालू आहे, मी हे साडेअकरानंतर करू की दुसऱ्या कुणाला देता?" यात उद्धटपणा कुठेच नाही. दोन मुलांचा दाखला आठवा, एक म्हणाला जातो आणि गेला नाही, दुसरा म्हणाला जात नाही पण नंतर पस्तावून मळ्यात गेला. आपल्यातली बहुतेक पहिल्यासारखी असतात, गोड बोलणारी.

पहाटे चार

आता हे जरा लांबेल, कारण माझा सगळा विषय इथे आहे.

मला नोकरीला दुसरं वर्ष होतं. मेल मेडिकल, म्हणजे पुरुषांचा वॉर्ड, बत्तीस पेशंट, आम्ही दोघी नाईटला. पहाटे चार-साडेचारला सगळ्यांचं टेम्परेचर, पल्स, बीपी घेऊन चार्टवर चढवायचं असतं. कोपऱ्यातल्या बेडवर एक आजोबा होते, रात्रभर खोकून नुकतेच झोपलेले. मी त्यांच्या बेडपाशी गेले, थर्मामीटर हातात होतं, आणि मला वाटलं कशाला उठवायचं, रात्री दहाला नॉर्मलच होते की. मी ९८.४ लिहिलं, पल्स ८२ लिहिली, बीपी आधीचंच दोन पॉइंट इकडेतिकडे करून लिहिलं आणि पुढे गेले. हात न लावता.

सकाळच्या सिस्टरनी साडेआठला बघितलं तर आजोबा थरथरत होते, १०३ ताप. कॅन्युलाच्या जागी इन्फेक्शन झालं होतं. डॉक्टरांनी चार्ट बघितला, पाचपर्यंत सगळं नॉर्मल दिसतंय, म्हणजे ताप आत्ताच आलाय असं धरून ते दुसऱ्याच दिशेनं विचार करायला लागले. अँटिबायोटिक सुरू व्हायला दुपार झाली. आजोबा बरे झाले, सहा दिवसांनी घरी गेले, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. कुणालाही कळलं नव्हतं. आणि त्याच रविवारी मला संडे स्कूलला दानीएल शिकवायचा होता.

आपण दानीएल शिकवतो म्हणजे सिंहांची गुहा शिकवतो. त्याच सहाव्या अध्यायात गुहेच्या बरंच आधी एक वचन आहे, त्याचे दुश्मन त्याच्या कामात खोट शोधायला बसले आणि त्यांना काही सापडेना कारण तो विश्वासू होता, त्याच्या कामात हयगय नव्हती. म्हणजे शत्रूनं ऑडिट केलं आणि फाइल स्वच्छ निघाली. मी ते वचन वर्गात वाचलं आणि पुढे वाचता येईना.

दोन दिवसांनी मी इन्चार्ज सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्या ख्रिस्ती नव्हत्या, रोज देवाला फूल वाहून कामाला सुरुवात करणाऱ्या बाई होत्या. मला वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "या फाइलीत अजून असे किती आकडे आहेत?" मी म्हटलं एवढाच. त्या म्हणाल्या, "मला कसं कळणार?" मेमो दिला, तो योग्यच होता, पण तो प्रश्न मला मेमोपेक्षा जास्त लागला. कारण एक आकडा खोटा निघाला की त्या हातानं लिहिलेले बाकीचे खरे आकडेसुद्धा कुणाच्या कामाचे राहत नाहीत.

पौलाच्या कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तोंडदेखली चाकरी असा शब्द आलाय आपल्या मराठी शास्त्रात. धनी बघतोय तोवर काम. पहाटे चारला वॉर्डात धनी नसतो, मेट्रन नसते, सीसीटीव्हीला थर्मामीटर दिसत नाही. तिथे तुम्ही आणि झोपलेला माणूस, आणि देव. म्हणून माझी पायरी अगदी साधी आहे: जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. मोजता आलं नाही तर तसंच लिहायचं, "पेशंट झोपेत, टेम्परेचर घेतलं नाही", वेळ आणि सही. रिकामा रकाना बघून बोलणी बसतील. बसू देत. आणि सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घ्या, पल्स पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं ज्याची नाडी अनियमित आहे त्याला चालत नाही आणि कोणाची अनियमित आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही.

औषधं

कॉलेजात शिकवलेलं असतं, योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. कामाला लागल्यावर गर्दीत त्यातलं पहिलंच सुटतं, कारण आपण पेशंटला बेड नंबरनं ओळखायला लागतो. बेड बदलतात. नाव विचारा, "तुमचं नाव काय?" असं विचारा, "तुम्ही पाटीलच ना?" असं नाही, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. मग मनगटावरचा नंबर फाइलीशी जुळवा.

इन्सुलिनचं विशेष सांगते कारण नवी मुलं इथे फसतात. एका एमएलमध्ये ४० युनिट असलेली व्हायल असते आणि १०० युनिटवालीही असते, सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपीची ४० ची आणि केशरी टोपीची १०० ची. ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजनं वीसच्या खुणेपर्यंत भरलंत तर पेशंटला वीस नाही, आठ युनिट जातात. उलट केलंत, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत, तर पन्नास जातात आणि तो माणूस बेशुद्ध होऊ शकतो. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम या तिन्हींना दुसऱ्या सिस्टरला बोलवा आणि तिला उत्तर सांगू नका, तिला स्वतः व्हायल वाचू द्या, स्वतः हिशोब करू द्या. पोटॅशियम क्लोराईड थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, हृदय थांबतं.

फोनवर डॉक्टरनी सांगितलेली ऑर्डर आधी लिहायची, मग त्यांना वाचून दाखवायची, त्यांनी हो म्हटलं की मग द्यायची, आणि ते राउंडला आले की बाकी काही बोलायच्या आधी सही घ्यायची. औषध दिल्यावर सही करायची, द्यायच्या आधी नाही. आधी केलेली सही म्हणजे न पाळलेलं वचन आधीच पाळलं म्हणून लिहून ठेवणं, आणि तेवढ्यात शेजारच्या बेडला फिट आली तर ते वचन तसंच राहतं.

चुकलात तर

चुकणार. माझ्यासकट सगळे चुकतात. तेव्हा क्रम असा: आधी पेशंट बघा, मग लगेच डॉक्टर आणि इन्चार्जला सांगा, मग लिहा. चुकीच्या एन्ट्रीवर व्हाइटनर लावायचा नाही, खाडाखोड नाही, एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर काय ते, वेळ, सही. उशिरा लिहिताय तर उशिरा लिहिलं असं लिहा. आणि सांगताना "ते झालं" असं बोलू नका, "मी केलं" म्हणा, मराठीत आपल्याला कर्ता गाळून बोलायची फार सोय आहे, "इंजेक्शन राहून गेलं", राहून कुठे जातं, मी दिलं नाही.

मंडळीत आपण पापाची कबुली देवाजवळ देतो, आणि ते हवंच, पण पेशंटला चुकीचा डोस गेला असेल तर देवाजवळ रडत बसायला तेव्हा वेळ नसतो, ती कबुली आधी ड्युटी डॉक्टरजवळ द्यायची कारण त्या पेशंटचा जीव त्यावर आहे. रडायचं ते नंतर, घरी, हवं तेवढं.

ज्यांचं एकदा नाव खराब झालंय त्यांच्यासाठी एक माणूस सांगते, मार्क. पौल आणि बर्णबाबरोबर निघाला आणि पंफुल्याहून अर्ध्यातून सोडून घरी परत आला. पुढच्या फेरीला बर्णबा म्हणाला याला घेऊ, पौल म्हणाला नको, आणि त्यावरून दोघांत इतकं तीव्र भांडण झालं की ते वेगळे झाले. म्हणजे भरवसा तुटला की काय होतं ते शास्त्रात लपवलेलं नाही. पण पौलाच्या शेवटच्या दिवसांतलं पत्र बघा, तीमथ्याला दुसरं, चौथा अध्याय, तो लिहितो मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधली वर्षं मार्कानं काय केलं ते फारसं लिहिलेलं नाही. माझी समजूत अशी की त्यानं रोजचं काम रोज केलं, दुसरा मार्गच नसतो. त्या मेमोनंतर इन्चार्ज सिस्टरांनी मला एकटीला नार्कोटिकची, म्हणजे कुलपात ठेवायच्या नशेच्या औषधांची, किल्ली द्यायला चौदा महिने लागले. मी मोजले होते.

प्रार्थना, साक्ष आणि व्हॉट्सॲप ग्रुप

हे कोणी सांगत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. पेशंटचं नाव, बेड, आजार, हॉस्पिटल यातलं काहीही मंडळीच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकायचं नाही. "आमच्या वॉर्डात एक ताई आहेत, एचआयव्ही पॉझिटिव्ह, प्रार्थनेत आठवा", हे प्रेमानंच टाकलेलं असतं, पण त्या ग्रुपमध्ये अडीचशे माणसं असतात आणि त्यातला एखादा त्या ताईंच्या गावचा असतो. तिनं तुम्हाला ते ऑपरेशनच्या कपड्यात पडल्या पडल्या सांगितलं, मंडळीला नाही. देवाला तिचं नाव माहीत आहे, तुम्ही एकट्यानं घ्या.

पेशंटपाशी प्रार्थना करायची तर त्यानं मागितली तरच, आणि तुमच्या हॉस्पिटलात चालत असेल तरच. ज्याचं सलाईन तुमच्या हातात आहे तो तुम्हाला नको म्हणू शकत नाही, तो घाबरतो की सिस्टर नाराज होतील. अशा माणसापुढे श्रद्धेचा विषय आपणहून काढणं मला बरोबर वाटत नाही, आणि आमच्यातले काही पाळक यावर माझ्याशी सहमत नाहीत हेही सांगते. पेत्रानं म्हटलंय की कोणी तुमच्या आशेचं कारण विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं. विचारलं तर. मला एकोणीस वर्षांत पुष्कळांनी विचारलंय, आणि बहुतेक वेळा बेडपॅन वेळेवर दिल्यानंतर.

आणि ड्युटीत बायबल वाचत बसायचं नाही. रिकामा वेळ मिळाला तर इमर्जन्सी ट्रॉली तपासा, ॲड्रेनलिनची एक्स्पायरी बघा, लॅरिंगोस्कोपचा लाइट लागतोय का बघा. ज्या रात्री ती ट्रॉली लागते त्या रात्री तपासायला वेळ नसतो. वाचन घरी, ड्युटीच्या आधी, मी पाच मिनिटं करते, कधी बसमध्ये.

वॉर्डातलं सामान, म्हणजे कापूस, ग्लोव्हज, चिकटपट्टी, पेनं, उरलेल्या गोळ्या, घरी न्यायचं नाही. सगळे नेतात तरी नाही. नातेवाईकांनी पेढे आणले तर सगळ्या स्टाफमध्ये वाटा, मामा-मावशींना, म्हणजे वॉर्डातल्या मदतनीसांना, आधी द्या, नोट दिली तर परत करा, हसून.

रविवार

नव्या मुलींचा पहिला रडवेला फोन यावरच असतो, ताई रविवारी ड्युटी लावली. आजार रविवारी सुट्टी घेत नाही. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूनं शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात वाळलेल्या हाताच्या माणसाला उभं करून विचारलं की आज चांगलं करणं योग्य की वाईट करणं, जीव वाचवणं की घेणं. तेव्हा रविवारी वॉर्डात असणं म्हणजे भक्ती बुडवणं असं मी मानत नाही. पण कायमच भक्तीपासून तुटलात तर आतून कोरडे होता, हे माझं झालेलं आहे, म्हणून तजवीज करा. ड्युटी लिस्ट लागायच्या आधी, महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपास, इन्चार्जना भेटून दोन रविवार मागा, चार नाही. बदल्यात काहीतरी द्या. मी दरवर्षी लक्ष्मीपूजनाची नाईट आणि ईदची ड्युटी स्वतःहून मागून घेते, आणि २४ डिसेंबरची रात्र मला कोणीतरी मोकळी करून देतं, इतक्या वर्षांत फक्त तीनदा मिळाली नाही. बदली केली तर तोंडी ठेवू नका, रजिस्टरला दोघींच्या सह्या घ्या. आणि नाताळ आहे म्हणून आजारी असल्याचा खोटा फोन करून जी उपासना होते ती करूच नका.

कुठे थांबायचं

हा भाग तरुण मुलांनी दोनदा वाचावा. विश्वासू असणं म्हणजे कोणीही कितीही ओझं टाकावं आणि आपण प्रभूसाठी म्हणून वाहत राहावं, असं नाही. "जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" हे वचन आपल्या घरांच्या भिंतींवर असतं, पण पौलानं ते ज्यांना लिहिलं ते दास होते, त्यांना नोकरी सोडायची मुभा नव्हती, आणि लगेच पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात धन्यांना सांगितलंय की दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा. ते दुसरं वचन कुठल्याही हॉस्पिटलच्या ऑफिसात मी भिंतीवर बघितलेलं नाही.

बारा तासांची नाईट झाल्यावर सकाळी "आज स्टाफ नाही, थांब" म्हटलं तर एखाद्या वेळी थांबा, दुसऱ्यांदा विचार करा, तिसऱ्यांदा लिहून द्या की सलग चोवीस तासांनंतर मी औषधं सुरक्षित देऊ शकणार नाही. झोप न झालेला हात इन्सुलिनची टोपी नीट बघत नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे वाद ऐकत बसायचा तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, सरळ सांगितलं की तू करतोस हे बरं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही, आणि कामं वाटून द्यायला लावली. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवानं त्याला आधी भाकर खायला घातली आणि झोपू दिलं, काम नंतर सांगितलं.

पगाराचंही. याकोबाच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते असं आहे, तेव्हा पगार मागणं अविश्वास नाही. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये खासगी हॉस्पिटलातल्या नर्सेससाठी शिफारस केली, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही महिन्याला निदान वीस हजार. शिफारसच आहे, सगळीकडे पाळतात असं नाही, पण मुलाखतीला जाताना हे माहीत असावं. जॉइन होताना नेमणुकीचं पत्र मागा, पीएफचं विचारा, बाँड वाचून सही करा आणि ओरिजिनल सर्टिफिकेट कुणाच्या कपाटात ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. माझ्या एका मैत्रिणीची सर्टिफिकेटं दीड वर्ष अडकली होती. आणि सोडायचं ठरलं तर नोटीस पिरियड पूर्ण करून, चार्ज नीट देऊन सोडा, तिथले लोक कसेही वागलेले असोत, तुमच्या जागी येणारी मुलगी नवी असणार आहे.

तर उद्या जॉइन होताय म्हणून आज रात्रीचं एवढं: दोन पेनं, निळं आणि लाल, छोटी डायरी, सेकंदकाट्याचं घड्याळ, कात्री, पाण्याची बाटली, डबा. युनिफॉर्म इस्त्री करून ठेवा, नखं कापा, मेंदी-नेलपॉलिश काढा. मोबाइल चार्जिंगला लावा आणि अलार्म दोन लावा, एक उशापाशी, एक लांब. आईला सांगा उद्या दुपारी तीनच्या आधी फोन करू नको. मग प्रार्थना करा, आणि ज्या सिस्टरला उद्या रिलीव्ह करायचंय तिचं नाव माहीत असेल तर त्यात तिचंही नाव घ्या, ती आत्ता नाईटला चढली असेल.